टाकी उपसू नका!

सहा महिने दुर्लक्षित राहिलेली प्रवाळांची टाकी पाहिली की हात शिवशिवतात: सगळं उपसा, घासा, नव्याने भरा! नेमकं तेच करू नका. टाकीचा जीव पाण्यात कमी, सच्छिद्र दगडांत जास्त. मासे सोडतात त्या विषारी अमोनियाचं तिथले जीवाणू आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने दगड धुतले, की ही फौज गारद. पाणी आटतं, मीठ मात्र मागेच राहतं; म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, तीही थोडी-थोडी. समुद्राइतकी, म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षारता आली, की आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला. तळाची जाड वाळू ढवळू नका. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तिथे दबा धरून असतो. काचेवरचं शेवाळ? त्याला गोगलगायी आहेत की.