मनाची उभारी आणि शाळेचे वेळापत्रक

दहावीचा निकाल लागला की बोरीवलीच्या रस्त्यांवर अभिनंदनाचे फलक उभे राहतात आणि शिकवणीवर्गांच्या दारांवर गुणवंतांची छायाचित्रे झळकू लागतात. ज्यांची छायाचित्रे तेथे नसतात, त्या बहुसंख्य मुलांच्या मनात काय चालले आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ही उपेक्षा महाग पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती.

हल्लीची मुलेच नाजूक, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः मुलांभोवतीचे जग बदलले आहे. गिरगाव-लालबागच्या चाळींतून अनेक कुटुंबे उपनगरांत आली. चाळीत एकांत नव्हता, चारचौघांत पाणउताराही होई. परंतु रडवेल्या मुलाला शेजारच्या काकूंचे दार उघडे असे. आज आईवडील सकाळची लोकल गाठून चर्चगेटकडे जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळात मूल ज्या मोठ्या माणसांच्या सहवासात असते, ती प्रामुख्याने शाळेतील आणि शिकवणीतील असतात.

अशा एका माणसाचे महत्त्व किती, हे हवाईमधील कवाई बेटावरील अभ्यासाने दाखविले आहे. तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. दारिद्र्य, कलह आणि आजारपण यांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे समर्थ आणि समंजस निघाली. त्यांना आयुष्यात भरवशाचे निदान एक वडीलधारे माणूस लाभले होते; कधी आजी, कधी मावशी, कित्येकदा शिक्षक.

मग हे काम शिक्षकांवरच सोपवावे काय? गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत याची परीक्षा घेतली. काही शाळांत खास शिकवून तयार केलेले समुपदेशक नेमले. त्यांच्याजवळ मानसशास्त्राची पदवी नव्हती. काही शाळांत तेच काम तेथील शिक्षकांकडे दिले. पहिल्या शाळांत मुलांची खिन्नता आणि आपसांतील दादागिरी कमी झाली. दुसऱ्या शाळांत उल्लेखनीय फरक पडला नाही. यात शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. भरलेला वर्ग, तपासायच्या वह्या, अपुरा अभ्यासक्रम आणि वर निवडणुकीची व जनगणनेची कामे सांभाळणाऱ्या माणसाकडे ऐकण्यासाठी सवड उरत नाही. मुलाचे मन जाणण्यास जिव्हाळा लागतो, तितकाच वेळही लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने बाल-किशोर मनःस्वास्थ्याचे प्रशिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे बजावले आहे. गुणांवरून मुलांना जाहीरपणे खजील करण्यासही मनाई केली आहे. परंतु एखाद्या शिक्षकाच्या नावापुढे ‘समुपदेशक’ ही पदवी लावून कागद पुरा करण्याची वाट आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. तसे झाले तर नालंदाच्या दुसऱ्या गटाचाच अनुभव येथे पदरी येईल.

म्हणून महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत या कामासाठी स्वतंत्र पद शासनाने मंजूर केले पाहिजे. त्या व्यक्तीला बसण्यास वेगळी खोली हवी, वेळापत्रकात तास हवा आणि मुलाने सांगितलेले चारचौघांत फुटणार नाही अशी हमी हवी. मात्र जिवाला धोका दिसला तर पालकांना आणि डॉक्टरांना कळविण्याचे कर्तव्यही हवे. खर्चाची सबब पुढे येईलच. पण योग्य शिक्षण दिल्यास सामान्य पदवीधरही हे काम करू शकतो, हे बिहारने दाखविले आहे. तोवर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक तरी प्रत्येक शाळेच्या फलकावर ठळकपणे लिहिलेला असावा.

अपयश पचविण्याची ताकद उपदेशाने येत नाही. पडल्यावर कोणीतरी शेजारी बसले होते, या अनुभवातून ती येते. आपल्या शाळांनी गुणांची मोजदाद करण्यास भरपूर वेळ राखला आहे. शेजारी बसण्यासाठीही त्यांनी आता थोडा राखावा.