बोटाविना क्लिक

लिंकवर बोट टेकवलं की नवं पान उघडतं. हेच काम जावास्क्रिप्टच्या एका ओळीनेही होतं. संकेतस्थळावर ‘डाउनलोड’ दाबल्यावर पडद्याआड अनेकदा असंच घडतं: स्क्रिप्ट एक अदृश्य लिंक तयार करते आणि स्वतःच ती दाबते.

पूर्वी मात्र ही डोकेदुखी होती. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये लिंकला थेट ‘क्लिक’चा आदेश देता यायचा, जुन्या फायरफॉक्समध्ये तो बटणांसारख्या घटकांपुरताच चाले. तिथे माउस दाबल्याची लटकी घटना रचून लिंककडे धाडावी लागे, आणि घटना धाडण्याची एक्सप्लोररची तऱ्हा पुन्हा निराळी! एका क्लिकसाठी दोन-दोन वाटा लिहायच्या. 2011 साली आलेल्या एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीने अखेर इतरांची रीत स्वीकारली.

ब्राउझर या सोंगाला फसत नाही, बरं का. प्रत्येक घटनेवर ‘इजट्रस्टेड’ नावाची खूण असते. बोटाने दाबलं तर ती ‘खरी’, स्क्रिप्टने दाबलं तर ‘खोटी’. शिवाय माणसाने नुकतंच काही दाबलं होतं का, हेही तो पाहतो. तसं नसेल, तर स्क्रिप्टने उघडू पाहिलेली नवी खिडकी तो बहुधा अडवतो. ‘पॉप-अप अडवला’ ही सूचना त्याचीच.