कारखान्याची एक वही

आपल्या जुन्या राज्यकारभाराच्या परिभाषेत ‘कारखाना’ या शब्दाचा अर्थ आजच्याहून वेगळा होता. मराठी राज्यात अठरा कारखाने आणि बारा महाल होते, असे आपण इतिहासाच्या तासाला शिकतो. अंबारखाना म्हणजे धान्याचे कोठार. त्याखेरीज तोफखाना, दारूखाना, जवाहिरखाना, पिलखाना. प्रत्येकाची आवक-जावक निराळी, हिशेब निराळा. या जमाखर्चावर देखरेख ठेवणारा अधिकारी म्हणजे मुजुमदार अथवा अमात्य. कोठ्या अनेक, वह्या अनेक, परंतु राज्य एकच. त्या राज्याला स्वतःची खरी स्थिती कळायची, तर या साऱ्या वह्या कोठेतरी एकमेकींशी बोलल्या पाहिजेत.

आजच्या कारखान्यापुढेही हाच प्रश्न उभा आहे. सुकापूर आणि पनवेलच्या परिसरातील कितीतरी घरांतून रोज सकाळी माणसे तळोजा, पाताळगंगा यांसारख्या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात. कोणी स्टोअरमध्ये, कोणी मशिनवर, कोणी डिस्पॅचमध्ये, तर कोणी अकाउंट्समध्ये. अलीकडे त्यांच्या बोलण्यात ‘सिस्टिम’ हा शब्द वारंवार येतो. ‘सिस्टिममध्ये एंट्री झाली नाही म्हणून गाडी गेटवर अडली’ असे वाक्य आपल्या कानांवरूनही गेले असेल. ही सिस्टिम म्हणजे नेमके काय? कलाशाखेच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे लक्ष का द्यावे? या दोन प्रश्नांचा विचार येथे करू.

कपाटाचे गणित

या प्रणालीचे पूर्ण नाव एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग, म्हणजेच ईआरपी. मराठीत तिला ‘उद्योग-साधन-नियोजन’ म्हणता येईल. नाव भारदस्त आहे. पण तिच्या मुळाशी असलेला हिशेब आपल्याला समजण्याजोगा आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

लोखंडी कपाटे बनविणाऱ्या एका कारखान्याला ४० कपाटांची ऑर्डर मिळाली. माल महिन्याच्या ३० तारखेला द्यायचा आहे. एका कपाटाला ६० किलो पत्रा, ६ बिजागऱ्या आणि १ कुलूप लागते. कोणत्या मालाला कोणते सुटे भाग किती लागतात, याच्या यादीला कारखान्यात ‘बीओएम’ म्हणतात. त्या यादीवरून एकूण गरज निघते: २,४०० किलो पत्रा, २४० बिजागऱ्या, ४० कुलुपे.

आता स्टोअरमध्ये पाहावे, तर १,५०० किलो पत्रा शिल्लक दिसतो. परंतु त्यातील ६०० किलो दुसऱ्या ऑर्डरसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे आपल्या हाताशी ९०० किलोच उरला. पूर्वी मागविलेला ५०० किलो पत्रा वाटेत आहे. तेव्हा नवी खरेदी १,००० किलोची करावी लागेल. हा हिशेब करण्यासाठी स्टोअरची वही, विक्रीची वही आणि खरेदीची वही या तिन्ही एकदम उघडाव्या लागल्या, हे ध्यानात घ्यावे. एकट्या स्टोअरची वही पाहणारा ९०० किलोच मागवील आणि मग राखीव पत्रा कापला जाऊन दुसरी ऑर्डर अडेल. तीही वही न पाहणारा सबंध २,४०० किलो मागवून पैसा अडकवून बसेल.

यानंतर येते तारखेचे गणित. काम १० दिवसांचे असेल, तर ते २० तारखेला सुरू झाले पाहिजे. पत्रा यायला ७ दिवस लागतात. म्हणून त्याची मागणी १३ तारखेला गेली पाहिजे. कुलूप अगदी शेवटी, २८ तारखेला बसते. पण ते यायला २० दिवस लागत असतील, तर त्याची मागणी ८ तारखेलाच गेली पाहिजे. सर्वांत शेवटी लागणारी आणि सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत आधी मागवावी लागते! चाळीस कपाटे रंगवून तयार आहेत आणि कुलपांवाचून गाडी भरता येत नाही, असा प्रसंग कारखानदारीत नवा नाही.

एका कपाटासाठी हे गणित कागदावर जमते. पण जेथे शेकडो प्रकारचा माल, हजारो सुटे भाग आणि रोज बदलणाऱ्या ऑर्डरी असतात, तेथे माणसाची बुद्धी नव्हे तर वेळ अपुरा पडतो. संगणकाचा प्रवेश झाला तो येथे.

एकत्र येण्याचा इतिहास

धंद्यातील हिशेबासाठी संगणक वापरण्याची सुरुवात लंडनच्या एका चहा-बेकरीवाल्या कंपनीने केली, हे वाचून गंमत वाटेल. जे. लायन्स अँड कंपनीने ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक बांधला आणि १९५१ साली त्याच्यावर बेकरीतील मालाच्या मूल्याचा हिशेब सुरू केला. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी वर पाहिलेल्या कपाटासारख्या गणिताला शास्त्रशुद्ध रूप दिले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला. या पद्धतीला एमआरपी असे नाव पडले. ऑलिव्हर वाइट यांनी तिच्यात मशिनची क्षमता आणि पैशाचा हिशेब यांची भर घातली. विक्री, खरेदी, उत्पादन, हिशेब, पगार या सर्वांना कवेत घेणाऱ्या प्रणालीला ‘ईआरपी’ हे नाव गार्टनर या संस्थेने १९९० साली दिले.

दरम्यान जर्मनीत आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली ‘सॅप’ ही कंपनी काढली होती. तिची आर-थ्री ही प्रणाली १९९२ साली आली आणि जगभरच्या मोठ्या कारखान्यांत पोहोचली. अशी प्रणाली बसविण्याचा खर्च मात्र लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचा होता. या बाबतीत आपल्या मुंबईचे उदाहरण अभिमानाने सांगण्याजोगे आहे. घरच्या फर्निचरच्या व्यवसायातील अनुभवातून ऋषभ मेहता या क्षेत्राकडे वळले आणि त्यांनी २००८ साली मुंबईत कंपनी स्थापन केली. त्यातून निर्माण झालेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली मुक्त परवान्याखाली दिलेली आहे. म्हणजे तिची मूळ आज्ञावली कोणीही पाहू शकतो, वापरू शकतो आणि गरजेप्रमाणे बदलूही शकतो.

आता टाळता येत नाही

लहान कारखानदार पूर्वी म्हणू शकत असे, ‘माझी वही मला पुरे.’ आता तसे म्हणणे कठीण झाले आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल आले. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहिलीच पाहिजे, असा नियम आहे. वहीतली खाडाखोड जुन्या मुनिमांच्या नजरेला लगेच दिसत असे. संगणकातली दिसत नाही, म्हणून ती दिसेल अशी सोय कायद्याने करावी लागली, असेच याविषयी म्हणता येईल.

तथापि, प्रणाली विकत घेतली म्हणजे काम झाले, अशी समजूत फसवी आहे. अमेरिकेतील हर्शी ही चॉकलेटची प्रसिद्ध कंपनी. तिने चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकण्याचे ठरवून १९९९ च्या उन्हाळ्यात नवी प्रणाली सुरू केली. पुढे हॅलोविनचा सण आला, म्हणजे त्यांच्याकडे मिठाईच्या खपाचे दिवस. गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या कंपनीला वेळेवर पुरविता आल्या नाहीत. एवढ्या धनाढ्य कंपनीची ही गत, तर आपल्याकडील वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्याने किती सावध राहावे!

नावाचा प्रश्न

अपयशाची कारणे शोधू लागले की पुष्कळदा ती यंत्रात सापडत नाहीत. ती माणसात आणि भाषेत सापडतात. स्टोअरमधला एखादा जुना माणूस ज्याला ‘बाराचा बोल्ट’ म्हणतो, त्याला खरेदीचा कारकून ‘बोल्ट १२ एमएम’ म्हणतो आणि मशिनवरचा कारागीर ‘एम-१२’. माणसांना तिन्ही एकच, हे ठाऊक असते. संगणकाला ते ठाऊक नसते. त्याच्या लेखी या तीन वस्तू होत. मग एका नावाखाली माल पडून राहतो आणि दुसऱ्या नावाखाली तोच माल नव्याने मागविला जातो. उलट ‘पट्टी’ या एकाच शब्दाने एकीकडे लोखंडाची पट्टी आणि दुसरीकडे मोजपट्टी लिहिली जाते. भाषेच्या तासाला आपण समानार्थी आणि अनेकार्थी शब्द शिकतो. तोच धडा येथे रुपयांत मोजला जातो.

म्हणूनच अशी प्रणाली बसविताना पहिले काम असते ते वस्तूंची एकच, नेमकी, सर्वांना मान्य असलेली सूची तयार करण्याचे. त्यासाठी स्टोअरकीपरजवळ बसावे लागते, कारागिराला विचारावे लागते, त्यांचे शब्द ऐकून घ्यावे लागतात. हे काम कोडिंगचे नसून श्रवणाचे, विचारण्याचे आणि नेमके लिहिण्याचे आहे. इतिहास, भाषा, अर्थशास्त्र, मानसशास्त्र शिकलेल्या पदवीधराला त्यात निश्चितच स्थान आहे. नुसत्या डेटा एंट्रीवर समाधान मानणाऱ्याला मात्र तेथे पुढे वाव मिळणार नाही.

यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो न्यायाचा आहे. तीस वर्षे स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाची किंमत त्याच्या स्मरणात असते. कोणता सप्लायर वेळ पाळतो, कोणता पत्रा वाकवताना तडकतो, हे त्यालाच ठाऊक. ते ज्ञान सिस्टिममध्ये उतरले की ते कारखान्याचे होते. मग त्या माणसाचे काय? त्याच्याकडून सर्व उतरवून घेऊन त्याला घरी पाठविणारा मालक दोन प्रकारे फसतो. एक तर पुढे कोणी मनापासून माहिती देत नाही. दुसरे असे, की उद्या नवा माल आला, तर त्याची पारख करायला कोणी उरत नाही. जेथे जुन्या माणसालाच नोंदी तपासण्याचे काम दिले जाते, तेथे त्याचा मान राहतो आणि नोंदीही खऱ्या राहतात. मुजुमदाराचे काम तरी दुसरे काय होते?

वही कागदाची असो वा पडद्यावरची, तिच्यात खोटे लिहिले तर ती खोटेच सांगणार. संगणक फक्त ते खोटे वेगाने सर्व विभागांत पोहोचवील. तेव्हा मित्रहो, आपल्या घरातील कोणी कामावरून येऊन सिस्टिमविषयी बोलू लागले, तर ‘ते आपले क्षेत्र नव्हे’ असे म्हणून उठू नये. त्यांना विचारावे: तुमच्याकडे या वस्तूला काय म्हणतात? नोंद कोण करतो? चुकली तर कोण सुधारतो? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या कारखान्याचे बरेचसे भवितव्य सापडेल, आणि कदाचित आपल्यापैकी एखाद्याच्या पुढील कामाची वाटही.