वाटी कोणाच्या हातात?
बाळ-बाळंतिणीचा हा रेडिओ कार्यक्रम सुरू करून आम्हाला वर्ष झालं. आधी आम्ही नुसत्या सुनांशीच बोलायचो. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको. डॉक्टरांनी औषध दिलं तर तेवढंच. सुनांना पटायचं, पण पाण्याची वाटी सासूबाईंच्या हातात! उन्हाळ्यात लेकराचा घसा सुकेल, ही त्यांची काळजी काही खोटी नव्हती. मग त्यांनाच बोलावलं. आईच्या दुधात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पाण्यानं इवलंसं पोट भरलं की बाळ दूध कमी ओढतं, पाणी खराब असलं तर जुलाब लागतात. एका आजींनी विचारलं, "म्हणजे तहान बाळंतिणीची भागवायची?" अगदी बरोबर! आता त्या भरलेला तांब्या सुनेच्या उशाशी ठेवतात.