पुरुषाचें प्रसाधन

प्रसाधन हा केवळ स्त्रियांचा विषय, पुरुषानें त्यांत वेळ दवडणें हलकेपणाचें, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. प्राचीनांचें मत तसें नव्हतें. इ. स. च्या ३ ऱ्या शतकाच्या सुमाराचें मानलें जाणारें वात्स्यायनाचें 'कामसूत्र' नागरकाची, म्हणजे सुसंस्कृत नगरवासी पुरुषाची, दिनचर्या सांगतें. स्नान नित्य, अंगमर्दन दर दुसऱ्या दिवशीं, फेनक, म्हणजे फेंस देणारें द्रव्य, तिसऱ्या दिवशीं, श्मश्रु चौथ्या दिवशीं. शिवाय दंतधावन, उटी, धूप, पुष्पमाला, ओठांस अळित्याचा रंग, आरशांत अवलोकन आणि तांबूल. सायंकाळीं दालन धूपानें सुगंधित करून तो प्रियेची वाट पाहतो. येतांना पावसानें तिचा वेष बिघडला असल्यास तो स्वहस्तें सावरून देतो.

घाम, दांतांचा मळ व दुर्गंधी हीं अप्रीतीचीं कारणें होत, असें याच ग्रंथांत पत्नीस सांगितलें आहे. नियम उभयतांस आहेत, आणि त्यांतील बहुतेकांस द्रव्यापेक्षां नियमितपणाच अधिक लागतो. कचेरीसाठीं रोज दाढी करून इस्त्रीचा सदरा घालणारा गृहस्थ सुटीच्या दिवशीं घरीं मळक्या कपड्यांत वावरतो, आणि पत्नीनें मात्र नीटनेटकें असावें अशी अपेक्षा धरतो. तिच्या डोळ्यांचा मान साहेबाच्या डोळ्यांहून कमी कां असावा?