सहावा खेळाडू : राखीव बाकावरचे बळ

बास्केटबॉलच्या संघात बारा खेळाडू असतात. मैदानावर एका वेळी पाचच उतरतात. उरलेल्या सात जणांना आपण 'राखीव' म्हणतो, आणि हा शब्द उच्चारताना आपल्या मनात बहुधा 'दुय्यम' असाच अर्थ असतो. बीड जिल्ह्यातील महाविद्यालयीन संघांचा विचार करताना हा गैरसमज आधी दूर करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

आपल्या जिल्ह्याला खो-खोची परंपरा आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवून जिंकला. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्याची. पारंपरिक खो-खोत बचावाचे खेळाडू तिघातिघांच्या तुकडीने आत जातात. बाहेर थांबलेली तुकडी कोणी गौण मानत नाही. तिचे काम पुढे आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बास्केटबॉलच्या बाकाकडे मात्र आपण त्या नजरेने पाहत नाही.

वस्तुतः या खेळाचा नियमच राखीव खेळाडूला मोठा वाव देतो. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. त्यांत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो. पाच फाउल झालेल्यास मात्र उरलेला सामना बाहेरूनच पाहावा लागतो. त्यामुळे मुख्य खेळाडूचे पूर्वार्धातच दोन-तीन फाउल झाले की प्रशिक्षकाला बाकाकडे वळावेच लागते. अमेरिकेतील बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी १९५० च्या दशकात याचेच शस्त्र केले. फ्रँक रॅम्सी या उत्तम खेळाडूला ते मुद्दाम बाकावर बसवीत आणि प्रतिस्पर्धी दमू लागले की आत पाठवीत. पुढे जॉन हॅवलिचेक यांनीही अनेक वर्षे हीच भूमिका केली. सेल्टिक्सच्या इतिहासात सर्वाधिक गुण त्यांच्याच नावावर आहेत.

महाविद्यालयीन संघात असा खेळाडू नेमके काय करतो? पहिला डाव निम्मा सरला की सुरुवातीच्या पाचांचे पाय जड होतात. सिमेंटच्या मैदानावर, मराठवाड्याच्या उन्हात तर लवकरच. ताज्या दमाचा एक मुलगा आत येतो आणि चेंडू आणणाऱ्याला मैदानभर सतावतो. फसलेल्या फेकीचा चेंडू उडी मारून परत मिळवतो, रेषेबाहेर चाललेल्या चेंडूमागे झेपावतो. त्याच्या नावावर गुण चारच लागतील. पण तो आत असताना संघाने बारा केले आणि सहा दिले, हा हिशेब गुणलेखकाच्या तक्त्यात सहसा दिसत नाही. प्रशिक्षकाने तो वहीत स्वतंत्र लिहून ठेवावा.

बाकावरचा वेळही वाया घालवावयाचा नसतो. समोरचा खेळाडू कोणत्या हाताने ड्रिबल करतो, थकल्यावर कोणत्या बाजूला वळतो, हे बाहेरूनच अधिक स्पष्ट दिसते. आत जाताच त्याला तिकडे अडविता येते. ओरडून साथ द्यावी, परंतु पंचांशी हुज्जत घालू नये. बाकावरून झालेल्या तांत्रिक फाउलची नोंद प्रशिक्षकाच्या नावे होते आणि प्रतिपक्षाला फ्री थ्रो मिळतो. बसून अंग थंड पडते, म्हणून मध्यंतरात हातपाय मोकळे करणेही आवश्यक आहे.

प्रशिक्षकांकडेही एक मागणे आहे. अनेक संघांत राखीव मुलाला संधी मिळते ती वीस गुणांची पिछाडी पडल्यावर. तेव्हा त्याने काय करावे? गेवराई-माजलगावकडच्या गावातून सरावासाठी येणारा, शेवटच्या एस.टी.कडे डोळे लावून खेळणारा मुलगा वर्षभर नुसता बसून राहिला, तर पुढच्या वर्षी तो येत नाही. मग बारा जणांच्या यादीत आठच नावे उरतात, सरावात समोर उभे राहायला पाच जण मिळत नाहीत, आणि मुख्य पाचांचाही खेळ खुंटतो. त्याला सामन्याआधीच सांगावे : पहिल्या डावाच्या सहाव्या मिनिटाला तू आत जाणार आहेस, आणि अमुक क्रमांकाचा खेळाडू तुझा.