यंत्र ओरडते केव्हा, कुजबुजते केव्हा?

पीकविम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस असावा, मेहकर-लोणारकडच्या एखाद्या गावात सेवा केंद्रापुढे रांग लागावी, आणि नेमके तेव्हाच संगणकाचे जाळे बंद पडावे! केंद्रचालक बिचारा तार काढतो, लावतो, यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो. वास्तविक संगणकाच्या पोटात एक रोजनिशी असते, ती आधी उघडावी.

ती लिहितो कोण? जाळ्याची तार जिथे खोचतात तिथे एक कार्ड असते. कार्डाची बोली निराळी, संगणकाची निराळी. मध्ये एक दुभाष्या बसवलेला असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा गाडी हाकणारा नव्हे बरे का, ही नुसती आज्ञावली आहे. तार निघाली, निरोप अडला, कार्ड उत्तर देईना, की हा वहीत एक ओळ खरडतो.

पण सगळ्याच ओळी सारख्या मोलाच्या नसतात. ग्रामसभेची दवंडी आणि पैनगंगेला पूर आल्याची दवंडी एकाच सुरात दिली, तर लोक दोन्हींकडे कानाडोळा करतील. म्हणून प्रत्येक ओळीला तिची पायरी जोडतात. ही चाल पडली सिसलॉग नावाच्या नोंदपद्धतीमुळे. ती १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत एरिक ऑलमन यांनी काढली. आज तिच्यात ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत, आणि लिनक्सनेही त्याच घेतल्या आहेत. आकडा जितका लहान तितके संकट मोठे. इथे नवखा माणूस हमखास चकतो! ० म्हणजे यंत्रच कोलमडले, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे नुसती माहिती, आणि ७ ही कारागिरापुरती कुजबुज.

पायरी ठरवायची कशावरून? हवामान खात्याचे रंग आठवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे हालचाल करा. वाचणाऱ्याने काय करायचे, ते रंग सांगतो. ड्रायव्हरचेही तसेच असावे. तार निघाली हे पुष्कळ ड्रायव्हर केवळ ‘माहिती’ म्हणून लिहितात, कारण तार माणसानेही काढलेली असू शकते. कार्डासाठी लागणारी एखादी पूरक फाइल सापडली नाही तर ‘इशारा’. कार्ड पुष्कळदा तरीही चालते. स्मृतीत जागाच मिळाली नाही आणि कार्ड सुरूच होईना, तर मात्र ‘चूक’. तार निघाल्याबरोबर ‘चूक, चूक’ म्हणून ठणाणा करणारा ड्रायव्हर मला तरी उतावळ्या माणसासारखा वाटतो.

त्याच्या ओरडण्याने दुसरेही नुकसान होते. लिनक्समध्ये ही वही स्मृतीत ठराविक आकाराची असते. ती भरली की जुन्या ओळी पुसून त्यांवर नव्या लिहिल्या जातात. तारेचा सांधा ढिला असला तर जाळे दिवसभर जाते-येते, शेकडो ओळी पडतात, आणि बिघाड केव्हा सुरू झाला हे सांगणारी पहिली ओळच नाहीशी होते. म्हणून आवर घालण्याची सोय केलेली आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ती वापरली, तर साधारणपणे पाच सेकंदांत दहा ओळी लिहू देतात, बाकीच्या गाळतात, आणि किती गाळल्या तो आकडा मागाहून नोंदतात.

गुरुजींनी शाळेतल्या यंत्रावर हे जरूर करून पहावे. लिनक्स असेल तर ‘डीमेसेज’ ही आज्ञा द्यावी, विंडोज असेल तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावा. इशारा व त्याहून गंभीर तेवढ्याच ओळी वेगळ्या काढाव्यात, आणि बिघाडाच्या वेळेजवळची सर्वांत पहिली ओळ शोधावी. कारागिराला फोन करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता ती ओळ जशीच्या तशी वाचून दाखवावी. त्याचा अर्धा हेलपाटा वाचेल.

मात्र ड्रायव्हरची नजर खोलीबाहेर पोचत नाही. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची काचतंतूची तार येते. रस्ता खोदताना ती कुठे तुटली, तरी संगणकापासून भिंतीवरच्या पेटीपर्यंतची तार धडधाकटच असते. वहीत अवाक्षर उमटत नाही. अशा वेळी पेटीवरचे दिवे पहावेत. बहुतेक पेट्यांवर प्रकाश येणे थांबले की एक तांबडा दिवा लागतो.